मोरपंखी की आबोली?

रंगकाम : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ताई, आमचा सांगलीत विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. एक बेडरूम रंगवायचीय, १० बाय १२, उंची साडेनऊ फूट, खिडकी एकच आणि ती पश्चिमेला, दार समोर पूर्वेला. खोलीत सासूबाई झोपतात आणि मुलगी अभ्यास करते, यंदा दहावीला आहे. मुलीला चारही भिंती गडद मोरपंखी पाहिजेत, मोबाईलवर कुठंतरी बघितलंय तिनं. सासूबाई म्हणतात तो रंग काळपट दिसतो, आबोली द्या. ह्यांचं म्हणणं दोन भिंती एकीच्या दोन दुसरीच्या करून टाकू, भांडण मिटेल. पेंटर म्हणतो गडद रंगानं खोली लहान दिसेल आणि उन्हाळ्यात तापेल पण. आता मी कुणाचं ऐकू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सगळ्यात आधी तुमच्या मिस्टरांचा तोडगा बाजूला ठेवू, कारण चौघांत तोच वाईट आहे. दोन उलट रंग समसमान वाटले की डोळ्याला टेकायला जागा राहत नाही, दोन्ही रंग सारखे ओढत राहतात. एक रंग तीन भिंतींना, दुसरा एकीला, असं करा. आणि कुणाला तीन मिळणार हे मुलगी पण ठरवणार नाही आणि सासूबाई पण नाहीत, खोलीत येणारा उजेड ठरवणार.

तर उजेडाचं बघू. पश्चिमेची खिडकी म्हणजे सकाळी खोलीत थेट ऊन नाही, नुसता आभाळाचा उजेड, जरा निळसर आणि मवाळ. दुपारी तीननंतर ऊन आत शिरतं आणि पाच-सहाला ते पिवळं-नारिंगी होतं. ते आबोलीवर पडलं की आबोली चांगलीच भडकते, आणि मोरपंखीवर पडलं की त्यातला निळा दबतो, हिरवा वर येतो. मग रात्री आपल्याकडं बहुतेक घरांत असते तशी ६५०० केल्विनची (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तसा उजेड पिवळा) पांढरीफेक एलईडी ट्यूब लागते, तिच्यात मोरपंखी निळ्याकडं झुकतो आणि आबोली उतरलेली, निस्तेज गुलाबी दिसायला लागते. म्हणजे एकाच भिंतीचे दिवसात तीन रंग झाले, आणि आपण दुकानात शेडकार्डावरचा दोन बोटांचा चौकोन त्यांच्या ट्यूबखाली बघून एक रंग पसंत करून येतो.

मोरपंखी चारही भिंतींना का नको, तर भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडातला किती टक्के परत देते त्याचा एक आकडा असतो, एलआरव्ही म्हणतात, शून्य म्हणजे काळाकुट्ट आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा. बऱ्याच कंपन्या तो शेडच्या माहितीत देतात, दुकानदाराला विचारा. गडद मोरपंखीचा साधारण १० ते १५ च्या आसपास असतो, फिक्या आबोलीचा ६० च्या वर. एका खिडकीच्या खोलीत चारही भिंती मोरपंखी केल्या तर आलेला उजेड भिंतीच पिऊन टाकतात आणि पोरीला भर सकाळी ट्यूब लावून अभ्यास करावा लागेल. मोबाईलवरचे ते फोटो बघा एकदा नीट, त्या खोल्यांना जमिनीपर्यंत काचा असतात, शिवाय फोटोसाठी वेगळे दिवे लावलेले असतात ते वेगळंच.

सासूबाई काळपट म्हणतात ते उगाच नाही हं. वय वाढेल तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि ते नेमका निळा उजेड जास्त अडवतं, शिवाय बाहुलीही पहिल्यासारखी मोठी होत नाही, त्यामुळं आत जाणारा उजेडच कमी. मुलीला जो मोरपंखी झळझळीत दिसतो तोच आजीला खरोखरच काळसर दिसतो, दोघी खरं बोलतायत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर गोष्ट वेगळी, नवीन भिंगानं निळे रंग परत उजळ दिसतात, त्यामुळं ते झालंय का हे पत्रात लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

पेंटरचं म्हणाल तर निम्मं बरोबर. गडद रंगानं खोली लहान दिसते हा नियम नाही, चारही भिंती गडद असल्या की दाटल्यासारखं होतं, एकच गडद असली तर उलट ती मागं सरकल्यासारखी वाटू शकते. तापण्याचं मात्र मनावर घेऊ नका. आतल्या भिंतीच्या रंगानं खोलीच्या तापमानात सांगण्यासारखा फरक पडत नाही. सांगलीत एप्रिल-मेमधे खोली तापते ती पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीनं, वर गच्ची असेल तर स्लॅबनं, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हानं. त्याला बाहेरून काहीतरी आडोसा करा, छज्जा, चिकाचा पडदा, काहीही, कारण आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो.

मग मोरपंखी कुठल्या भिंतीला? खिडकीच्या भिंतीला अजिबात नको. उघड्या खिडकीचा झगझगाट आणि बाजूला गडद भिंत, डोळ्यांना त्रास होतो, आणि उजेड तिच्या मागून येत असल्यानं ती भिंत तशीही सगळ्यात अंधारी दिसते. पूर्वेच्या भिंतीत दार आहे, म्हणजे रंग तुकड्यात दिसणार. राहिल्या उत्तर-दक्षिण, दोन्ही १२ फुटी. मुलगी उजव्या हातानं लिहित असेल तर उजेड डावीकडून यायला हवा, म्हणजे टेबल उत्तरेच्या भिंतीला, खिडकीजवळ, तोंड उत्तरेला. वहीचा पांढरा कागद आणि त्याच्यामागं गडद भिंत असं तासन् तास बघत बसणं काही बरं नाही, म्हणून उत्तरेची भिंत पण फिकीच ठेवा. दक्षिणेला मोरपंखी द्या आणि सासूबाईंचं डोकं त्या भिंतीकडं येईल असा पलंग लावा. दक्षिणेला डोकं म्हटल्यावर त्या पण तक्रार करायच्या नाहीत. (वास्तूचं याच्यापुढं मला विचारू नका.) पडल्या पडल्या त्यांना समोर आबोली दिसेल, मोरपंखी डोक्यामागं. मुलगी टेबलावरून उठली की समोर तिचा रंग, आणि ऑनलाइन क्लासला कॅमेऱ्यात पाठीमागं तोच येणार, तिला याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे. अजून एक, गडद भिंतीवर पांढरा स्विचबोर्ड अंधुक उजेडात पण चटकन दिसतो, रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते फार सोयीचं पडतं.

आबोली मात्र फुलाइतकी घेऊ नका. तीन भिंती एकमेकींवर आपलाच रंग फेकतात, त्यामुळं कार्डावर दिसते त्यापेक्षा भिंतीवर आबोली गडद वाटते, त्यात तुमचं संध्याकाळचं ऊन, खोली केशरी होऊन बसेल. कार्डावर जी आवडली तिच्या वरची दोन घरं सोडून फिकी घ्या. मोरपंखी आहे तेवढा गडद राहू दे. दोन उलट रंग एकाच वजनाचे असले की जिथं भेटतात तिथं कड लवलवल्यासारखी दिसते आणि बघवत नाही, एक फिका एक गडद असला की ती भानगड राहत नाही. छत पांढरंच ठेवा.

आता हे सगळं माझ्यावर विश्वास ठेवून करू नका, घरी बघा. दोन फूट बाय दोन फुटाचे हार्डबोर्डचे तुकडे घ्या, प्रायमर मारा, मग प्रत्येक शेडचे दोन हात. काही कंपन्यांचे लहान सॅम्पलचे डबे मिळतात. वाळू द्या पूर्ण, कारण इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. मग ते बोर्ड उभे करून, आडवे टेबलावर ठेवून नाही, भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाचला आणि रात्री ट्यूब लावून बघा. जुन्या भिंतीवर चौकोन रंगवून बघायची सवय असते पेंटरांना, ते नको. तुमची जुनी भिंत पिवळी असेल तर तिच्यावरचा निळा जास्तच निळा दिसणार. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात, जिथं विणकामाचे मोठे पडदे व्हायचे, तिथं शेव्ह्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाई बघायचे, त्यांच्याकडं तक्रार आली की काळ्या धाग्याचा रंग नीट चढत नाही. त्यांनी तपासलं तर धागा चांगला होता, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळं तो फिका वाटत होता. १८३९ मधे त्यांनी हे सगळं छापलं. म्हणून दोन बोर्ड एकदा वेगवेगळे बघा आणि एकदा एकमेकांना चिकटवून बघा, कारण शेवटी ते तसेच राहणार आहेत, आणि आबोलीशेजारी मोरपंखी तुम्हाला एकट्यापेक्षा जास्त उठून दिसेल.

सामानाचा हिशोब थोडक्यात. दक्षिणेची भिंत १२ गुणिले साडेनऊ, ११४ चौरस फूट. बाकीच्या तीन दार-खिडकी वजा करून २६५-२७० च्या आसपास. गुळगुळीत पुट्टीवर चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरमागं १२० ते १४० चौरस फूट जातं, म्हणजे आबोली सव्वादोन लिटर लागेल, थोडी जास्त ठेवा. मोरपंखी हिशोबानं एका लिटरात बसतो पण गडद शेडला तिसरा हात लागू शकतो, दोन लिटर घ्या, आणि एकदमच मशीनवर बनवून घ्या. नंतर बनवलेल्या डब्यात बारीक फरक पडतो आणि तो गडद भिंतीवर लगेच ओळखू येतो. दोन डबे असले तर दोन्ही एका बादलीत ओतून ढवळून मगच वापरा. आणि मशीनवर बनवलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही, म्हणून आधी ते बोर्ड.

गडद भिंत पुट्टीचे सगळे उंचसखल दाखवते, त्यात त्याच भिंतीवर ट्यूब लावली असेल तर विचारूच नका, उजेड घासत खाली येतो आणि प्रत्येक पट्टी दिसते. म्हणून त्या भिंतीची घासाई पेंटरकडून नीट करून घ्या, हातात टॉर्च धरून बाजूनं उजेड टाकून बघा, तो वैतागेल, वैतागू दे. ट्यूब दुसऱ्या भिंतीवर हलवा. मॅट फिनिशमधे उंचसखल झाकलं जातं पण डोकं-खांदा घासून चकचकीत डाग पडतात, तुमच्याकडं पलंग टेकणार आहे तेव्हा हलकी चमक असलेलं धुता येणारं इमल्शन बघा, किंवा पलंगाला डोक्याकडं फळी लावा. कोपऱ्यात आधी आबोली मारायची, थोडी मोरपंखीच्या भिंतीवर जाऊ द्यायची, ती पक्की वाळली की टेप लावून मोरपंखीचं काम, आणि टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत ओढायची. आपल्याकडचे कोपरे ओळंब्यात असतातच असं नाही, तेव्हा कोपऱ्याच्या मागं न लागता ओळंबा धरून सरळ रेघ मारायला सांगा.

दिव्याचं राहिलंच. अभ्यासाच्या टेबलाला ४००० केल्विनचा दिवा, सासूबाईंच्या बाजूला २७०० किंवा ३००० चा पिवळसर, आणि डब्यावर सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा, १०० पैकी) ९० किंवा जास्त लिहिलेलं असेल तर दोन्ही रंग जसे आहेत तसे दिसतील. काम दिवाळीच्या सुट्टीत उरका, परीक्षेच्या तोंडावर नको, आणि वास जाईपर्यंत सासूबाईंना दुसऱ्या खोलीत झोपवा.

प्रश्न : साताऱ्यात शाहूपुरीला आमचा जुना बंगला आहे. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, पोपडे निघतात. एक भिंत उठावाची करायचीय, ती हीच करावी म्हणतोय. विटकरी घेऊ की राखाडी? दिवाळीच्या आत काम पाहिजे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : ही भिंत सोडून कुठलीही. कास-यवतेश्वरकडून येणारा पाऊस चार महिने तिच्यावर आपटतो, ती आतून ओली आहे, आणि गडद रंगावर ओलीचे डाग आणि मिठासारखी फुटणारी पांढरी पूड जेवढी दिसते तेवढी फिक्यावर दिसत नाही. आधी बाहेरून भेगा, खिडकीचा छज्जा, गच्चीचा कठडा बघून घ्या, बाहेरून वॉटरप्रूफ रंग द्या. आतून नुसती महागाची पुट्टी भरून ओल थांबत नाही, ती पुढच्या पावसात पुट्टीसकट बाहेर पडते.

दिवाळीच्या आत म्हणजे भिंत नुकती पाऊस पिऊन बसलेली असताना. एक साधी परीक्षा करा, फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी टेपनं भिंतीला घट्ट चिकटवा, एक-दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूनं थेंब साठले असतील तर ओल भिंतीत आहे, रंग नको. खोलीकडच्या बाजूनं असतील तर ती हवेतली. भिंतीकडून थेंब आले तर पश्चिमेची भिंत राहू दे तशीच, पाहुण्यांना काय वाटायचं ते वाटू दे, डिसेंबर-जानेवारीत करा. बाकीचा हॉल दिवाळीला होऊन जाईल.

रंगात मी विटकरी घेईन, आतल्या कोरड्या भिंतीला. साताऱ्यात जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं आणि त्या निळसर उजेडात थंड राखाडी अगदी मलूल दिसतो, बाहेर पण राखाडी आत पण राखाडी. विटकरीचा दुसरा फायदा म्हणजे तो लोहाच्या ऑक्साइडचा रंग, गेरूतलाच, खालचं सगळं चांगलं झाकतो आणि उन्हानं सहसा उडत नाही. भडक लाल मात्र तसा नसतो हं, त्याला तीन-तीन हात मारले तरी खालचं दिसत राहतं, त्याला आधी राखाडी अस्तर द्यावं लागतं. बघा, राखाडीचा असा उपयोग आहे. अगदीच राखाडी पाहिजे असेल तर बाकी तीन भिंतींना फिका, पिवळसर झाक असलेला घ्या, विटकरीशेजारी तो चांगला वाटतो.

प्रश्न : सांगलीत गावभागात आमचं तळमजल्याचं जुनं घर. २०१९ च्या पुरात घरात पाणी होतं, २०२१ ला परत आलं. खालच्या चार फुटांना गडद ऑइलपेंट आणि वर पांढरा, शाळेत असायचा तसा, करावा का? खालचं पुसून घेता येईल. दारं पण घासून नवी करायचीत.
— एक वाचक, सांगली

उत्तर : गडद-फिका पट्टा कल्पना चांगली, ऑइलपेंट नको. जुन्या भिंतीत शिरलेलं पाणी सुकायला महिने लागतात आणि ऑइलपेंटचा थर त्याची बाहेर यायची वाटच बंद करतो, मग फुगे येतात आणि थर सोलून निघतो. पीओपी आणि जिप्समचं काम तर पुराच्या रेषेखाली कधीच करू नका, पाण्यात त्याचा लगदा होतो. भिंत चुन्याची असेल तर खाली चुन्यात गेरू घालून पट्टा काढा. भिंतीला श्वास राहतो, गाळाचा डाग पांढऱ्याइतका दिसत नाही, आणि परत पाणी आलंच तर सुकल्यावर ब्रशनं झाडून नवीन हात मारायला खर्च फार नाही. चुना हाताला लागतो, कपड्याला लागतो, तेवढं सोसायचं. सिमेंटचा गिलावा असेल तर पूर्ण कोरडा झाल्यावर साधं इमल्शन चालेल. पट्ट्याची वरची रेघ पुराच्या खुणेच्या वीतभर वर घ्या, खिडकीच्या खालच्या कडेशी जुळली तर अजून छान.

दारांचं जरा जपून. आपल्याकडं घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम २०१६ चा आहे आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीच्या ऑइलपेंटात, विशेषतः पिवळ्या-हिरव्या-लाल चकचकीत रंगात, शिसं असू शकतं. कोरडं घासलं की त्याची धूळ घरभर होते आणि लहान मुलांना ती फार वाईट. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरनं घासा, तोंडाला चांगला मास्क, खाली प्लॅस्टिक अंथरा, मुलांना आणि घरात कुणी गरोदर असेल तर त्यांनाही त्या दिवसात दुसरीकडं ठेवा, आणि खालचा सगळा चोथा पिशवीत भरून बांधून टाका, अंगणात झाडू नका. झाल्यावर फरशी ओल्या फडक्यानं दोन-तीनदा पुसा.